डिस्क गोल्फच्या चकतीवरील खाचा, बर आणि टवके: घरच्या घरी दुरुस्ती

नाशिकमध्ये डिस्क गोल्फचे नाव काढले की ऐकणाऱ्याला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आठवते, कारण त्या मैदानाला सारे शहर आजही ‘गोल्फ क्लब’ म्हणते आणि तिथे क्रिकेट खेळले जाते. म्हणून ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, यात चेंडू आणि काठीऐवजी हाताने फेकायची प्लास्टिकची चकती असते, जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली, साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली असते, आणि कमीत कमी फेकींत चकती त्या टोपलीत पोहोचवायची असते. आम्ही चार-पाच जण गंगापूर रस्त्याच्या पलीकडे एका परिचिताच्या पडीक जमिनीवर, फॅब्रिकेशनच्या दुकानातून करून घेतलेल्या दोन टोपल्यांवर खेळतो. चकत्या मात्र बाहेरून मागवाव्या लागतात आणि त्या स्वस्त पडत नाहीत. त्यातच आपल्याकडची जमीन म्हणजे वर बोटभर गवत आणि खाली दख्खनचा काळा बेसाल्ट. त्यामुळे नवी चकती पहिल्याच आठवड्यात कडेवर पहिली खाच घेऊन घरी येते.

या खाचांचे काय करायचे, हे मी बऱ्याच चकत्या बिघडवून शिकलो. आमच्यातले एक काका अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झाले आहेत. मी एकदा खाच भरण्यासाठी गोंद शोधत असताना त्यांनी चकती हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “अरे, मटेरियल गेलं ते गेलं. आधी बर काढ.” कारखान्यात धातू कापल्यावर कडेला जी बारीक, धारदार फुगवटी राहते तिला ‘बर’ म्हणतात, आणि चकतीच्या दुरुस्तीचे बहुतेक सगळे काम या एका शब्दात आहे. चकती दगडावर आपटते तेव्हा थोडे प्लास्टिक आत दबते, थोडे तुटून पडते आणि उरलेले बाजूला सरकून मूळ पृष्ठभागाच्या वर येते. हा वर आलेला भागच बोटाला टोचतो आणि हवेला अडतो. आत गेलेला लहानसा खड्डा चकतीच्या उडण्यात फारसा फरक पाडत नाही.

कडेला इतके महत्त्व का

सुरुवातीच्या चकत्यांची कड गोलसर आणि बोथट असे. १९८३ साली इनोव्हा कंपनीचे डेव्ह डुनिपेस यांनी तिरप्या उताराच्या कडेची ‘ईगल’ ही चकती आणली, आणि तेव्हापासून लांब फेकीच्या चकत्यांची कड पाचरीसारखी निमुळती होत गेली. ही निमुळती कड हवेला सहज कापते, म्हणून चकती लांब जाते. पण झाड, दगड किंवा खांब यांना सर्वांत आधी भिडते तीही हीच कड. म्हणजे ज्या भागावर उड्डाण अवलंबून आहे, नेमका तोच भाग सर्वाधिक मार खातो.

चकती वापराने झिजते तेव्हा तिचे उड्डाण हळूहळू बदलते. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची नवी चकती शेवटी वेग कमी झाल्यावर डावीकडे वळून उतरते; तीच चकती झिजली की आधी थोडी उजवीकडे कलते आणि डावीकडे उशिरा, कमी वळते. अनेक खेळाडूंना अशी लोणच्यासारखी मुरलेली चकतीच हवी असते, आणि एकाच प्रकारच्या नव्या, अर्धवट मुरलेल्या व पूर्ण मुरलेल्या अशा तीन चकत्या ते बॅगेत मुद्दाम बाळगतात. म्हणून दुरुस्तीला बसण्यापूर्वी स्वतःला विचारावे की, हे नुकसान आहे की मुरणे आहे. कडेवरचे बारीक ओरखडे, पुसट झालेला छाप आणि वरच्या पृष्ठभागाची गेलेली चकाकी यांना हात लावू नये. बोटाला अडकणारे जे काही असेल, तेवढेच दुरुस्तीचे काम समजावे.

जखमेची जात ओळखणे

आपल्या परिसरात मला चार प्रकारच्या जखमा वारंवार दिसतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. बेसाल्टवर आपटलेल्या चकतीच्या कडेला टवका उडतो. खड्ड्याच्या एका बाजूला प्लास्टिकचा पापुद्रा उभा राहतो आणि तळाशी कधीकधी दगडाची काळी कच रुतलेली असते. डांबरी रस्त्यावर घासत गेलेल्या चकतीला टवका उडत नाही, पण कडेच्या वीस-पंचवीस मिलिमीटर भागावर खरखरीत पट्टा तयार होतो. काटेरी तारेला किंवा द्राक्षबागेतल्या मांडवाच्या तारेला लागलेली चकती सुरीने चिरल्यासारखी कापली जाते. ही चीर दिसायला किरकोळ वाटते, पण तीच पुढे तड्यात बदलू शकते. बाभळीच्या खोडावर किंवा टोपलीच्या खांबावर आदळलेल्या चकतीला बहुधा पोचा पडतो, म्हणजे प्लास्टिक तुटत नाही, फक्त दबते.

प्लास्टिकचा प्रकारही पाहावा. इनोव्हाच्या डीएक्ससारखे साधे, स्वस्त प्लास्टिक मऊ असते; त्याला खाचा लवकर पडतात आणि पापुद्रे तंतूंसारखे निघतात, पण ते सहज दबते आणि सहज खरवडता येते. इनोव्हाचीच चॅम्पियन किंवा स्टार, तसेच डिस्कक्राफ्ट कंपनीचे झेड, ही महागडी प्लास्टिके पॉलियुरेथेनच्या जातीची, चिवट असतात. त्यांना खाच पडायला जोराचा मार लागतो. मात्र एकदा पापुद्रा उठला की तो रबरासारखा मागे-पुढे होतो आणि ब्लेडखालून निसटतो. दोन्हींना एकाच पद्धतीने हाताळणे ही नवशिक्यांची पहिली चूक असते.

नियमांची चौकट

घरच्या मैदानावर खेळताना कोणी चकती तपासत नाही, पण एखाद्या स्पर्धेत उतरायचे असेल तर दुरुस्तीच्या मर्यादा माहीत हव्यात. १९७६ साली स्थापन झालेल्या प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनच्या नियमांनुसार, खेळताना झालेली झीज चालते, आणि साच्यातून आलेला दोष किंवा पडलेले ओरखडे गुळगुळीत करण्यापुरते माफक घासणेही चालते. प्रमाणाबाहेर घासलेली चकती, किंवा जाणवण्याइतक्या जाडीचा रंग दिलेली चकती बाद ठरते. तडा गेलेली किंवा भोक पडलेली चकतीही बाद असते, आणि बाद चकती फेकल्यास दोन फेकींचा दंड बसतो.

दोन आकडे दुरुस्तीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला, कडेच्या अग्रभागाची वक्रता-त्रिज्या १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. हा आकडा डोळ्यासमोर येत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून १० गेजच्या तारेचा तुकडा आणावा. तिचा व्यास साधारण ३.२५ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या जवळजवळ १.६ मिलिमीटरच असते. चकतीची कड त्या तारेच्या गोलाईपेक्षा टोकदार लागू लागली, तर आपण नको तिथे घासले आहे. दुसरा आकडा वजनाचा: व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही. २१.२ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रायव्हरसाठी, म्हणजे लांब फेकीच्या चकतीसाठी, ही मर्यादा सुमारे १७६ ग्रॅमवर येते, आणि बाजारातले बरेच ड्रायव्हर १७५ ग्रॅमच्या आसपास का असतात हे त्यावरून कळते. अशा चकतीच्या खड्ड्यात काहीही भरले तर ती मर्यादेबाहेर जाण्याचा धोका असतो. घासण्याने वजन घटतेच, पण तेही नखभर.

काय जवळ ठेवावे

खर्च फार नाही. डेंटिंग-पेंटिंगवाले गाडीच्या रंगासाठी वापरतात तो काळा वॉटर पेपर ३२०, ६०० आणि १००० क्रमांकाचा, प्रत्येकी एकेक कागद. कोणत्याही रंगाच्या दुकानात तो सुटा मिळतो. मोडता येणाऱ्या पात्याचा कटर, त्यात नवे पाते. चांगल्या धारेचे नेलकटर, आणि ते फक्त याच कामासाठी वेगळे ठेवलेले. जुन्या रबरी स्लिपरच्या तळाचा आगपेटीएवढा तुकडा, ज्याभोवती वॉटर पेपर गुंडाळायचा. जुना टूथब्रश, भांडी घासण्याचा साबण, स्टीलचा चमचा, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, सुती फडके आणि पुसता येणारा मार्कर. यापैकी स्लिपरच्या तुकड्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. नुसत्या बोटाने कागद दाबला की बोटाच्या रुंदीचा खळगा पडतो. लाकडी ठोकळा वापरला तर वक्र कडेवर सपाट पैलू पडतात. रबर कडेच्या गोलाईप्रमाणे वळते आणि दाब पसरवते.

धुणे आणि तपासणे

चकती कोमट साबणाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून टूथब्रशने कड घासावी. खड्ड्यात अडकलेली माती आणि दगडाची कच पूर्ण निघाली पाहिजे, कारण राहिलेली कच नंतर वॉटर पेपरखाली येते आणि नवे ओरखडे पाडते. रुतलेला कण ब्रशने निघत नसेल तर सुईच्या टोकाने बाहेर काढावा. पावसाळ्यात काळी माती वाळून कडेवर इतकी घट्ट बसते की तिच्याखाली बर आहे हेच कळत नाही. त्या दिवसांत प्रत्येक खेळानंतर चकती धुण्याची सवय बरी.

चकती कोरडी झाल्यावर डोळे मिटून कडेवरून अंगठ्याचे पेर फिरवावे, आधी घड्याळाच्या दिशेने, मग उलट दिशेने. दोन्ही दिशा आवश्यक आहेत, कारण पापुद्रा एका बाजूने गुळगुळीत लागतो आणि उलट बाजूने नखासारखा अडतो. जिथे अडेल तिथे मार्करने ठिपका करावा. मग चकती खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर धरून वरचा पृष्ठभाग आणि कडेचा जोड न्याहाळावा. पारदर्शक प्लास्टिकात तडा असेल तर तो प्रकाशात पांढऱ्या रेषेसारखा चमकतो. अपारदर्शक चकती दोन्ही हातांनी अगदी हलकी वाकवावी आणि चीर उघडते का ते पाहावे. चीर उघडत असेल तर पुढची कृती करण्यात अर्थ नाही. त्याबद्दल खाली लिहिले आहे. शेवटी वजन करून आकडा वहीत लिहून ठेवावा.

उठलेला पापुद्रा बसवणे

कापण्यापूर्वी बसवून पाहावे. पापुद्रा मुळाशी घट्ट जोडलेला असेल तर त्यातले बरेचसे प्लास्टिक मूळ जागी परत जाऊ शकते, आणि कापून टाकलेले प्लास्टिक मात्र परत मिळत नाही. यासाठी गरम पाणी पुरते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते; उकळते पाणी आणि नळाचे साधे पाणी समप्रमाणात मिसळले की मिश्रण साधारण ६० अंशांवर येते, आणि चिवट प्लास्टिकासाठी ते योग्य असते. साध्या, मऊ प्लास्टिकासाठी एक भाग उकळते आणि दोन भाग साधे पाणी घ्यावे, म्हणजे तापमान ५० अंशांच्या जवळ राहते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणीच चटका देण्याइतके तापलेले असते, तेव्हा हे प्रमाण आंधळेपणाने पाळू नये. माठातले पाणी घ्यावे किंवा थर्मामीटर वापरावा. उकळत्या पाण्यात चकती थेट बुडवू नये, सबंध चकतीचा आकार बिघडतो.

परातीत हे पाणी घेऊन कडेचा फक्त जखमी भाग दोन मिनिटे बुडवावा. बाहेर काढल्याबरोबर चमच्याच्या पाठीने पापुद्रा खड्ड्याच्या दिशेने, मुळाकडून टोकाकडे, दाबत न्यावा आणि तसाच दाबून धरून गार पाण्याखाली अर्धा मिनिट ठेवावा. एका वेळी समाधान झाले नाही तर पुन्हा करावे. मऊ प्लास्टिकावर तीन फेऱ्यांत पापुद्रा जवळजवळ दिसेनासा होतो. चिवट प्लास्टिक मात्र लबाड असते: दाबलेले असताना बसल्यासारखे दिसते आणि रात्रभरात पुन्हा डोके वर काढते. म्हणून अशा चकतीचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लावावा.

पोचा पडलेल्या चकतीला एवढीच कृती पुरते. पाण्यातून काढून पोचा आतल्या बाजूने अंगठ्याने हलका बाहेर रेटावा, कडेवरून चमचा फिरवावा आणि गार पाण्याखाली धरावे.

बर काढणे

जे बसले नाही ते काढायचे. मऊ प्लास्टिकासाठी कटरचे पाते पृष्ठभागाशी काटकोनात उभे धरून, कडेच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने आपल्याकडे ओढत खरवडावे. पाते कापत नाही, किसते. कागदाहून पातळ कीस निघाला पाहिजे. जाड साल निघू लागली तर पाते आडवे झाले आहे असे समजावे आणि थांबावे. ही क्रिया चकती मांडीवर ठेवून करू नये. टेबलाच्या काठावर फडके अंथरून त्यावर चकती दाबून धरावी, आणि पाते ज्या रेषेत सरकते त्या रेषेत दुसऱ्या हाताची बोटे येऊ देऊ नयेत. पात्याची धार गेली की ते टाकून द्यावे, कारण बोथट पाते जोर मागते आणि जोर लावला की ते निसटते.

चिवट प्लास्टिकावर खरवडणे जमत नाही. पाते थरथरते आणि पृष्ठभागावर लाटांसारख्या खुणा उमटतात. तिथे नेलकटर वापरावा. त्याच्या वक्र जबड्याचा आकार कडेला बरोबर बसतो. पापुद्रा चिमटीत धरल्यासारखा पकडून, मूळ पृष्ठभागाच्या केसभर वरून तोडावा आणि उरलेला केसभर भाग वॉटर पेपरसाठी ठेवावा. पृष्ठभागाच्या अगदी लगत तोडायचा प्रयत्न केला की जबडा आत घुसतो आणि एका खाचेच्या जागी दोन होतात.

तारेने पडलेल्या चिरेच्या दोन्ही ओठांना थोडी गोलाई द्यावी, एवढेच तिचे काम. चीर धारदार कोपऱ्यांसह तशीच ठेवली तर पुढच्या आघातात सगळा ताण तिच्या टोकावर एकवटतो आणि ती वाढते.

वॉटर पेपर

कागद कोरडा कधीही वापरू नये. कोरड्या घर्षणाने प्लास्टिक तापते, चिकट होते, कागदाच्या दाण्यांत भरते आणि कड गुळगुळीत होण्याऐवजी माखल्यासारखी दिसते. शिवाय बारीक धूळ श्वासात जाते. कागद दहा मिनिटे पाण्यात भिजवावा, साबणाचा एक थेंब घालावा, स्लिपरच्या तुकड्याभोवती गुंडाळावा आणि कडेच्या लांबीच्या दिशेने, खाचेच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढे जाऊन फिरवावा. कडेला आडवे, म्हणजे वरून खाली घासले तर कडेचा आकारच बदलतो, आणि आकार बदलला की उड्डाण बदलते.

३२० क्रमांकाचे पंधरा-वीस हलके हात पुरतात. त्यानंतर धुऊन, पुसून, पुन्हा अंगठा फिरवून पाहावे. अडत नसेल तर लगेच ६०० वर जावे, आणि शेवटी हवे असल्यास १०००. बहुतेक जण चुकतात ते इथे: बर केव्हाच गेलेली असते, पण खड्डा अजून दिसतो, म्हणून तो दिसेनासा होईपर्यंत घासत राहतात. खड्ड्याच्या तळापर्यंत सबंध कड खाली आणायची म्हणजे मिलिमीटरभर प्लास्टिक काढायचे. ते माफक घासणे राहत नाही आणि त्या बाजूची कड इतर बाजूंहून बारीक होते. खड्डा दिसू द्यावा. माझ्या सर्वांत आवडत्या ड्रायव्हरच्या कडेवर मसुराएवढे तीन खळगे आहेत, हाताला मात्र ते लागत नाहीत.

डांबराने खरखरीत झालेल्या पट्ट्यासाठी ३२० ची गरज नसते, थेट ६०० घ्यावा. मऊ प्लास्टिकावर कागदाने बारीक लव उठते. ती कागदाने कधीच पूर्ण जात नाही. तिथे चमच्याची पाठ दाबून जोरात घोटावी, जशी मातीच्या भांड्याला चकाकी आणण्यासाठी घोटतात तशी. लव बसते आणि पृष्ठभाग घट्ट होतो. विजेवर फिरणारी ग्राइंडर किंवा पॉलिशची साधने मात्र या कामातून कायमची वगळावीत. दोन सेकंदांत ती प्लास्टिक वितळवतात.

घासल्यावर जो गढूळ गाळ उरतो तो मोरीत ओतू नये. फडक्याने टिपून, वाळवून सुक्या कचऱ्यात टाकावा. प्लास्टिकचा हा चुरा गोदावरीत जाण्याचे कारण नाही.

मोठे टवके आणि भरण्याचा मोह

कडेचा हरभऱ्याएवढा तुकडाच उडाला असेल तर काहीतरी भरावेसे वाटते. झटपट चिकटणारा गोंद पॉलिथिनच्या जातीच्या प्लास्टिकाला नीट धरत नाही. पॉलियुरेथेनला तो धरतो, पण वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो आणि चकती वाकली की तडकतो. इपॉक्सी पुट्टीचेही तेच, फक्त ती एका तुकड्यात गळून पडते आणि तोवर चकतीच्या एका बाजूला जास्तीचे वजन लावून ठेवते. फिरणाऱ्या वस्तूच्या कडेवर एका बाजूला आलेले वजन ती डगमगण्याचे कारण होते. शिवाय भरलेली चकती स्पर्धेत नेणे हा वाद ओढवून घेणे आहे.

सोल्डरिंग आयर्नने त्याच चकतीचे प्लास्टिक वितळवून खड्ड्यात ओढण्याचा उद्योग मी केला आहे. लाल रंगाची, हाताला उत्तम बसलेली पटर, म्हणजे टोपलीजवळच्या फेकीची चकती, होती. आयर्नचे टोक प्लास्टिकाला हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त गरम असते. पृष्ठभाग तपकिरी झाला, बुडबुडे आले, गार झाल्यावर तिथे कठीण गाठ तयार झाली आणि आजूबाजूची कड आत ओढली गेली. खोलीत दोन तास उग्र वास होता. पॉलियुरेथेन प्रमाणाबाहेर तापले तर त्यातून आयसोसायनेट वर्गातले, श्वसनमार्गाला त्रास देणारे वायू निघू शकतात, त्यामुळे हा प्रयोग बंद खोलीत तर मुळीच करू नये, आणि माझे मत विचाराल तर उघड्यावरही करू नये.

मोठ्या टवक्यावर करण्यासारखे एवढेच उरते: कोपरे गोल करणे, पापुद्रे काढणे आणि चकतीला तिच्या नव्या स्वभावानुसार वेगळे काम देणे. अशी चकती पाण्याजवळच्या फेकीला किंवा दाट झाडीतल्या फेकीला वापरावी, म्हणजे हरवली तरी जीव हळहळणार नाही.

वाकलेली चकती

आदळल्यामुळे किंवा उन्हात राहिल्यामुळे चकती वाकली असेल तर आधी ती ओट्याच्या ग्रॅनाइटवर कड खाली करून ठेवावी आणि कुठून दिवा लागतो, म्हणजे कुठल्या बाजूने खालून उजेड दिसतो, ते पाहून खूण करावी. मग वर सांगितलेल्या मिश्र पाण्यात सबंध चकती तीन-चार मिनिटे बुडवून, उचललेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेने थोडी जास्तच वाकवावी आणि गार पाण्याखाली धरावी. वर पुस्तकांची चळत ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने मधला घुमट दबतो, आणि घुमटाची उंची बदलली की चकतीचे तरंगणे बदलते. हाताने दोन-तीन वेळा केलेले काम बरे.

तडा

तडा गेलेली चकती दुरुस्त होत नाही. कडेपासून आत जाणारा तडा पुढच्या जोरदार आघातात वाढतो, आणि तुटलेला धारदार तुकडा माणसाला लागू शकतो. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत, सकाळी लवकर खेळताना प्लास्टिक कडक झालेले असते आणि तडे जाण्याचे प्रमाण वाढते. तेव्हा बॅग रात्रभर उघड्या गच्चीत किंवा गाडीत न ठेवता घरात ठेवावी. निकामी चकती टाकण्याआधी तिच्या कडेवर वॉटर पेपर आणि पात्याचा सराव करून घ्यावा. वर लिहिलेले सगळे हाताला येण्यासाठी यापेक्षा चांगली वही नाही.

फेकून पाहणे आणि जपून ठेवणे

दुरुस्तीनंतर पुन्हा वजन करावे. वीस हात घासण्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर फरक दिसत नाही. एक ग्रॅमचा फरक दिसला तर घासणे जास्त झाले आहे. मग वारा पडलेला असताना, म्हणजे बहुधा सकाळी आठच्या आत, छातीच्या उंचीवरून, निम्म्या जोराने, तीस-चाळीस मीटरची सरळ फेक दहा वेळा करावी. सुटताना बोटाला काही लागते का, चकती हवेत थरथरते का आणि शेवटी कुठे वळते, या तीनच गोष्टी पाहाव्यात. थरथर सर्वच फेकींत दिसली तर कुठेतरी बर राहिली आहे किंवा चकती वाकलेली आहे. एखाद्याच फेकीत दिसली तर दोष मनगटाचा आहे.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या आत सहज ६० अंशांची भट्टी होते, म्हणजे आपण जे तापमान मुद्दाम तयार करून चकती मऊ करतो नेमके तेच. त्या दिवसांत बॅग गाडीत सोडू नये. घरात चकत्या एकावर एक आडव्या, कड खाली करून ठेवाव्यात. भिंतीला तिरप्या टेकवून ठेवलेल्या चकत्या उन्हाळ्याच्या एका महिन्यात स्वतःच वाकतात.